पाण्याखालचा श्वास

आटपाडीचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. माणदेश म्हटलं की डोळ्यांपुढे उभे राहतात मेंढरांचे कळप, बोडकी माळरानं आणि बहुतेक वर्ष कोरडीच असणारी माणगंगा. पण आता आमच्याकडची तरुण मुलं सुटीत मालवण-तारकर्लीला जातात, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून समुद्रात उतरतात आणि परत आल्यावर विचारतात, "सर, हे नीट शिकायचं म्हटलं तर सामान कोणतं घ्यावं?" मी कविता लिहिणारा माणूस, पाणबुड्या नव्हे. पण या सामानाचा इतिहास वाचला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. यातली एकेक वस्तू माणसाच्या शरीराच्या एकेका अडचणीला शोधलेलं उत्तर आहे. ती अडचण समजली की निवड सोपी होते.

आमच्या भागात पोहायला शिकवलं ते विहिरींनी. पांगाऱ्याच्या वाळलेल्या लाकडाचा बिंडा, सुका भोपळा किंवा तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा पाठीला बांधला की झालं सामान. पुढं ट्रकच्या टायरची ट्यूब आली. पोहता येऊ लागलं की पैजा लागत, तळ काढायच्या. दोन-तीन परस पाण्यात सूर मारायचा आणि खूण म्हणून मूठभर गाळ वर आणायचा. खाली जाताना कानात कळ येई, डोळ्यांपुढे सगळं धूसर दिसे, छाती आवळल्यासारखी होई. हीच ती शरीराची अडचण. आणि त्या खेळात मोठा कोण, तर जास्त वेळ दम धरणारा.

इराणच्या आखातातले मोती काढणारे हेच करत. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं त्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. तोंडावर कासवाच्या पाठीचं आवरण, नाकाला तशाच कवचाचा चिमटा आणि कमरेला दोर, एवढ्या सामानावर ते तळ गाठत. वर हवा मिळेल म्हणून पोकळ नळी तोंडात धरून खाली जावं, असं तुम्हाला वाटेल. आम्ही पोरांनीही पपईच्या पानाचा देठ तोंडात धरून विहिरीत बसून पाहिलेलं आहे. पण हात-दीड हातापेक्षा खाली गेलं की छातीवर पाण्याचा दाब येतो आणि वरची हवा ओढता येत नाही. आजच्या स्नॉर्केलची नळी आखूड असते, ती यामुळे. लांब नळी म्हणजे चांगली नळी, हा समज दुकानाबाहेरच ठेवावा.

मग हवाच दाबानं खाली पोचवायला हवी. १६९१मध्ये एडमंड हॅली यांनी, धूमकेतूमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या त्याच हॅलींनी, घंटेच्या आकाराची मोठी पेटी पाण्यात सोडली आणि पिंपांतून तिला ताजी हवा पुरवली. १८३७च्या सुमारास लंडनमध्ये ऑगस्टस सीब यांनी बंद शिरस्त्राणाचा पोशाख तयार केला. पाणबुड्या तळावर चालू शकत होता, पण वरून पंपानं हवा येणारी नळी त्याला दाव्यासारखी बांधलेली. ते दावं सैल करायचा प्रयत्न १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये रुकेरोल आणि देनरूझ या दोघांनी केला. रुकेरोल खाणीतले अभियंता होते. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला कॅप्टन निमो हेच यंत्र सुधारून वापरतो. आणि हा निमो मूळचा बुंदेलखंडातला राजपुत्र, असं व्हर्ननं १८७५च्या पुस्तकात सांगून टाकलंय!

दावं खऱ्या अर्थानं सुटलं ते १९४३मध्ये. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती. मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एमिल गान्यँ या अभियंत्यानं एक झडप बनवली होती. नौदलातल्या झाक कुस्तो यांच्या सांगण्यावरून तीच झडप श्वासासाठी बदलली गेली. माणूस श्वास घेईल तेवढ्यापुरतीच ती उघडते आणि भोवतीच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा देते. हाच आजचा रेग्युलेटर. या झडपेनंच समुद्राच्या तळाचा इतिहास आपल्या हाती दिला. १९८०च्या दशकात एस. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सुंची रीफपाशी सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले, त्यात हस्तिदंतही होते.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. पाठीवरच्या नळकांड्याला सगळे 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतात. त्यात असते आपली नेहमीची, गाळून घेतलेली हवा. निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू लागतो. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे पट दाबानं सुमारे २२०० लिटर हवा कोंबलेली असते.

आणि इथंच विहिरीतला धडा उलटा होतो. दहा मीटर खाली हवेवरचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं छातीभर हवा घेऊन, दम धरून कोणी वर आला तर ती हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. विहिरीत वरचा श्वास घेऊन बुडी मारलेली असते, म्हणून तिथं हा धोका नाही. स्कूबात पहिला नियम एकच, श्वास कधीही रोखायचा नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी हा नियम आधी शिकावा, कारण दम धरायची सवय त्यांच्याच अंगात मुरलेली असते.

घाईनं वर येण्याचा दुसरा धोकाही आहे. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. किती खोल, किती वेळ आणि किती सावकाश वर, याचं पहिलं शास्त्रीय कोष्टक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८मध्ये छापलं. त्यांचे प्रयोग झाले शेळ्यांवर. आटपाडीच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात फिरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो ते काम त्या मुक्या जनावरांच्या दुखऱ्या पायांवरून सुरू झालं. हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन लहानपणी वडिलांच्या प्रयोगात गळक्या पोशाखात पाण्याखाली उतरले होते. ते १९५७मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले.

आता प्रश्न खरेदीचा. नवख्यानं पहिल्यांदा घ्यावा तो मास्क, कारण चेहरा प्रत्येकाचा वेगळा. पोहण्याचा चष्मा इथं चालत नाही. त्यात नाक बाहेर राहतं, त्यामुळे आत हवा सोडता येत नाही आणि दाबानं तो डोळ्यांवर आवळला जातो. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा, नाकानं हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तो तुमचा. काच टणक केलेली आणि कड सिलिकॉनची हवी. मिशीला पीळ देणाऱ्यांनी मात्र सावध असावं, केसांतून पाणी आत शिरतं. चष्मा असणाऱ्यांना नंबरच्या काचेचे मास्क मिळतात. त्यानंतर स्नॉर्केल आणि पायातले फिन्स. फिन्स चपलेसारखे, मापाचेच घ्यावेत. मालवणचं पाणी उबदार, तिथं पातळ पोशाख पुरतो.

रेग्युलेटर, तरंगणं सांभाळणारं जाकीट, सिलिंडर आणि कॉम्प्युटर ही महागडी मंडळी. ती आधी भाड्यानं वापरावीत. रीतसर प्रशिक्षण झालं, दहा-वीस बुड्या झाल्या की आपल्याला काय हवं ते शरीरच सांगतं. जुनं सामान स्वस्तात मिळालं तर सिलिंडरच्या गळ्याशी कोरलेली तपासणीची तारीख पाहावी आणि रेग्युलेटर केव्हा दुरुस्त केला ते विचारावं. उत्तर नीट मिळालं नाही तर तसंच परत फिरावं.

शेवटचं सामान दुकानात कोणी दाखवत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. समुद्राच्या तळाशी जाऊन सुखरूप वर आलेली माणसं किनारा जवळ असताना बुडाली. म्हणून मास्कच्या काचेइतकीच बोटीतली माणसं मोजावीत, अंगावर लाइफ जॅकेट आहे का ते पाहावं आणि गर्दी वाटली तर बोटीत पाय ठेवू नये. पांगाऱ्याचा बिंडा बांधल्याशिवाय आमच्या वडीलधाऱ्यांनी कुणा पोराला विहिरीत उतरू दिलं नाही. समुद्रावर ती काळजी आपली आपणच घ्यायची.