मद्रासची बंदी आणि अमेरिकेचा दाखला

अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आपल्याकडे वाद सुरू झाला की एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. अमेरिकेच्या घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ची. भाषण आणि मुद्रण यांच्या स्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा काँग्रेसने करू नये, एवढे सांगून ती थांबते. अपवाद एकही नाही. आपल्या घटनेची पहिली दुरुस्ती १९५१ची आणि तिने नेमके हेच स्वातंत्र्य आकुंचित केले. मग निष्कर्ष निघतो, की आपले दुखणे घटनेच्या मजकुरात आहे. या स्वातंत्र्यावर निर्बंध घालू देणारे कलम १९(२) खोडून टाका आणि अमेरिकेसारखे बिनशर्त वाक्य तिथे घाला. असे म्हणणारी बहुतेक माणसे स्वातंत्र्याची कळकळ असलेली आहेत. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याची कसून तपासणी झाली पाहिजे. निदान चुकले, तर ती सगळी कळकळ भलत्या जागी खर्ची पडेल.

या पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा मद्रासचा आहे, तोच आधी पाहू. रोमेश थापर मुंबईहून 'क्रॉस रोड्स' नावाचे डाव्या विचारांचे इंग्रजी साप्ताहिक चालवीत. १ मार्च १९५० रोजी मद्रास सरकारने सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याखाली हुकूम काढून या पत्राला राज्यात येण्यास आणि खपण्यास बंदी केली. हुकूम फोर्ट सेंट जॉर्ज गॅझेटमध्ये छापला गेला. प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचे होते. त्याआधी फेब्रुवारीत सेलमच्या तुरुंगात गोळीबार होऊन २२ कम्युनिस्ट कैदी मारले गेले होते. सरकार आणि डावे यांच्यातला ताण किती टोकाला गेला होता, हे यावरून कळेल. थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २६ मे १९५० रोजी सहापैकी पाच न्यायमूर्तींनी बंदी रद्द केली. निकाल लिहिला पतंजली शास्त्री यांनी, जे मद्रासलाच वकिलीत मुरलेले होते. राज्याची सुरक्षितता धोक्यात येणे वेगळे आणि स्थानिक शांतता बिघडणे वेगळे. दुसऱ्या कारणासाठी वृत्तपत्राचा गळा आवळण्याची मुभा घटना देत नाही, असे त्यांनी ठरवले. निकालात जेम्स मॅडिसनचा, म्हणजे अमेरिकन दुरुस्तीच्या शिल्पकाराचा, आधारही घेतला. वर्षभरात संसदेने घटना बदलली. १८ जून १९५१ रोजी अमलात आलेल्या दुरुस्तीने 'सार्वजनिक सुव्यवस्था', 'परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध' आणि 'गुन्ह्याला चिथावणी' ही तीन कारणे १९(२)मध्ये घातली, आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने. तो पूर्वलक्षीपणा मला आजही अन्याय्य वाटतो. नागरिकाने जिंकलेला मुद्दा सरकारने मागच्या तारखेने हिरावून घेतला.

इथवर पूर्वपक्ष बरोबर आहे. पण ज्या अमेरिकेशी तुलना करायची, तिथे त्याच महिन्यात काय घडत होते? ४ जून १९५१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डेनिस खटल्यात कम्युनिस्ट पक्षाच्या ११ नेत्यांची शिक्षा कायम केली. त्यांच्यावर बाँब बनवल्याचा आरोप नव्हता. सरकार उलथून टाकावे अशी शिकवण देण्याचा कट केला, हा आरोप होता. फक्त ब्लॅक आणि डग्लस या दोन न्यायमूर्तींनी विरोध नोंदवला. १७९१चे ते वाक्य तेव्हा १६० वर्षांचे झाले होते आणि त्यातले एक अक्षरही बदललेले नव्हते. आपल्या न्यायालयाने वर्षापूर्वी एका डाव्या पत्राला संरक्षण दिले होते, तेही अपवादांनी भरलेल्या कलमाखाली. मजकूरच निर्णायक असता, तर निकाल नेमके उलटे लागायला हवे होते.

हे एकट्या १९५१चे अपघाती चित्र नाही. दुरुस्ती मंजूर होऊन सात वर्षेही उलटली नव्हती, तोच १७९८मध्ये अमेरिकन काँग्रेसने राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, अध्यक्ष किंवा काँग्रेस यांच्याविरुद्ध द्वेषबुद्धीने खोटे लिहिणे हा त्याने गुन्हा ठरवला. व्हर्मांटचे लोकप्रतिनिधी मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेले आणि मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. तो कायदा न्यायालयाने मोडला नाही. १८०१मध्ये मुदत संपून तो गेला. पुढे १८३३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हक्कांची ही सनद राज्यांना बांधतच नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी गुलामगिरीविरोधी लिखाण दडपले ते त्याच काळात. १८३७मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टनला एलायजा लव्हजॉय हा संपादक आपला छापखाना वाचवताना जमावाच्या गोळ्यांनी मेला. ती दुरुस्ती तेव्हाही घटनेत होती.

आता एक तुलना मराठी वाचकासाठी. जुलै १९०८मध्ये टिळकांना 'केसरी'तल्या लेखांबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच जुलैत तिकडे तिरुनेलवेलीत टिळकांचे अनुयायी व. उ. चिदंबरम पिल्लै यांना जन्मठेप सुनावली गेली. वासाहतिक राजवटीचा तो खरा चेहरा, यात शंका नाही. पण १९१६ची गोष्ट आपण विसरतो. बेळगाव आणि अहमदनगर येथल्या स्वराज्यावरील भाषणांबद्दल टिळकांकडून २०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला. जीनांनी बाजू मांडली आणि मुंबई उच्च न्यायालयाने भाषणे तुकड्यातुकड्याने न वाचता समग्र वाचून तो हुकूम रद्द केला. दोनच वर्षांनी ओहायो राज्यातल्या कँटनला युजीन डेब्ज या समाजवादी पुढाऱ्याने युद्धविरोधी भाषण केले. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९१९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने कायम केली. न्यायमूर्ती होम्स यांनी तो निकाल लिहिला. १९२०च्या निवडणुकीत कैदी डेब्जना नऊ लाखांवर मते पडली. मूलभूत हक्कांचा मागमूस नसलेल्या ब्रिटिश अमलात टिळक सुटले आणि बिनशर्त हक्काच्या देशात डेब्ज अडकले. यावरून ब्रिटिश राज्य उदार होते, असे कुणी समजू नये. हक्काचे वाक्य वाचणारा कोण, केव्हा आणि कशाच्या भीतीखाली वाचतो, यावर किती अवलंबून असते, एवढेच यातून दिसते.

आंबेडकरांनी हे फार आधी ओळखले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी याच आक्षेपाला उत्तर दिले. अमेरिकेतले हक्क निरपवाद आहेत हा समज चुकीचा आहे आणि दोन घटनांमधला फरक रूपाचा आहे, आशयाचा नाही, हे त्यांनी १९२५च्या गिटलो खटल्याचा दाखला देऊन दाखवले. तिथे न्यायाधीशांनी जे अपवाद निर्माण केले, ते इथे घटनेतच उघडपणे लिहिले आहेत, असा त्यांचा रोख होता. १९५१ची दुरुस्तीही कायदामंत्री म्हणून त्यांनीच उचलून धरली. ती बाजू मला पटत नाही. पण १९४८चा युक्तिवाद आजवर कुणी खोडलेला नाही.

पूर्वपक्षाचे यावर उत्तर असते, की अमेरिका चुकली असेल, तरी शेवटी सुधारली. १९६४चा सलिव्हन खटला आणि १९६९चा ब्रँडनबर्ग खटला यांनी तिथले भाषणस्वातंत्र्य रुंदावले. असे आपल्याकडे काय आहे? आहे. १९५१च्या ज्या दुरुस्तीला आपण नावे ठेवतो, तिनेच १९(२)मध्ये 'वाजवी' हा शब्द पहिल्यांदा आणला. मूळ कलमात तो नव्हता. त्याच शब्दाच्या बळावर न्यायालयांना निर्बंध तपासता आले. आरक्षणाच्या धोरणावर टीका करणाऱ्या 'ओरे ओरु ग्रामत्तिले' या तमिळ चित्रपटाचे प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने काढून घेतले होते. १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. जमाव खवळेल ही सबब राज्याला सांगता येणार नाही, कारण जमाव आवरणे हेच राज्याचे काम आहे, असे त्या निकालाने बजावले. १९९४मध्ये चेन्नईच्या 'नक्कीरन' साप्ताहिकाच्या खटल्यात सलिव्हनचे तत्त्व आपल्या कायद्यात आले, आणि सरकारी अधिकाऱ्याला बदनामीच्या भीतीने प्रकाशन आधीच रोखता येत नाही, हेही ठरले. २०१५मध्ये ऑनलाइन लिखाणाला गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. हे सगळे निकाल आपल्याच मजकुरातून निघाले.

मजकुराला काहीच किंमत नाही, असे माझे म्हणणे नाही. फौजदारी बदनामीचा कायदा २०१६मध्ये टिकला, त्याला १९(२)मधल्या 'बदनामी' या शब्दाने मदत केली, हे कबूल केले पाहिजे. पण आपल्याकडे बहुतेक लेखक सर्वोच्च न्यायालयात हरत नाहीत. ते तिथवर पोचतच नाहीत.

तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांचे काय झाले ते पाहा. 'मादोरुबागन' ही कादंबरी २०१०ची. चार वर्षांनी त्यांच्या गावात तिच्याविरुद्ध आंदोलन उठले. १२ जानेवारी २०१५ रोजी नामक्कलमध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी 'शांतता बैठक' बोलावली, आणि तिथे लेखकाकडून बिनशर्त माफी आणि प्रती परत घेण्याची कबुली लिहून घेतली. १९८९चा निकाल तेव्हा २५ वर्षे जुना होता. त्याने सांगितल्याप्रमाणे जमाव आवरण्याऐवजी अधिकाऱ्यांनी लेखकाला वाकवले. आपल्यातला लेखक मेला, असे मुरुगन यांनी जाहीर केले आणि गाव सोडून चेन्नईला बदली घेतली. मद्रास उच्च न्यायालयाने ५ जुलै २०१६ रोजी तो समझोता बंधनकारक नाही असे सांगून त्यांना पुन्हा लिहिण्यास मोकळे केले. मधली दीड वर्षे त्यांना कुणी परत दिली नाहीत. त्या बैठकीत १९(२) कुणी उघडलेही नव्हते; तिथे अमेरिकेचे वाक्य असते तरी काय फरक पडला असता?

म्हणून अमेरिकेचे कलम मागणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे, की मागणी जिल्हाधिकारी कार्यालयापाशी करा. शांततेच्या नावाखाली लेखकाची सही घेण्यास मज्जाव करणारा स्पष्ट सरकारी आदेश मागा. बंदीचा प्रत्येक हुकूम लेखी, कारणांसह निघावा आणि काही दिवसांत न्यायाधीशापुढे जावा, असा नियम मागा. हुकूम बेकायदा ठरला तर नुकसानभरपाई मागा. यातल्या एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्ती लागत नाही.