कहूट

वर्गात प्रश्नमंजूषा घेण्यासाठीचे नॉर्वेतील ॲप. ट्रॉनहाइमच्या नॉर्वेजियन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधनातून ते घडले. २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. पडद्यावरचा पिन क्रमांक मोबाइलवर टाकला की विद्यार्थी खेळात सामील. खाते उघडावे लागत नाही. मूळ रचनेत प्रश्न समोरच्या पडद्यावरच दिसतो, हातातल्या मोबाइलवर फक्त उत्तराच्या पर्यायांची बटणे: लाल त्रिकोण, निळा समभुज चौकोन, पिवळे वर्तुळ आणि हिरवा चौरस. त्यामुळे मुलांच्या माना वर राहतात, ही त्यातली खरी खुबी. झटपट उत्तराला जास्त गुण मिळत असल्याने वर्गात गलका होतो आणि सावकाश विचार करणारे मागे पडतात. शिक्षकाने वेळमर्यादा वाढवलेली बरी. मुलांकडे मोबाइल नसतील तिथे प्लिकर्स हे ॲप सोयीचे: मुले छापील कार्ड फिरवून धरतात, शिक्षक एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळी उत्तरे टिपतो.