व्हाइटनरच्या बाटलीचं काय झालं?

आम्ही मोखाड्याच्या शाळेत होतो तेव्हा बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात व्हाइटनरचा जोड मिळायचा. एका बाटलीत पांढरा रंग, दुसरीत थिनर. वर्गातल्या एकाला थिनरचा वेगळाच उपयोग कळला होता. मागच्या बाकावर तो रुमाल नाकाशी धरून बसायचा, डोळे तारवटायचे, आणि आम्ही हसायचो.

आता मी दिवसभर कोड लिहितो. चूक झाली की बॅकस्पेस. पूर्वी ते काम व्हाइटनर करायचं. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या डॅलसमध्ये बेट नेस्मिथ ग्रॅहम या टायपिस्ट बाईंनी टायपिंगच्या चुका झाकायला घरीच पांढरं मिश्रण बनवलं. त्याचंच पुढे ‘लिक्विड पेपर’ झालं. पण रंग पटकन वाळावा म्हणून असल्या बाटल्यांत पुढे उडून जाणारी रसायनं आली. त्यांच्या वाफेनं मेंदू सुन्न होतो. पंक्चरच्या सोल्युशनमध्ये आणि रंगाच्या थिनरमध्ये असतं ते टोल्युइन याच जातीचं.

ही नशा ‘किरकोळ’ असल्याचा समज १९७०मध्येच मोडला होता. मिलर्ड बास या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या ११० तरुणांच्या अचानक मृत्यूंची नोंद मांडली. ही मुलं गुदमरून गेली नव्हती. अशी रसायनं हृदयाला अ‍ॅड्रेनॅलिनबाबत हळवं करतात. त्यात मूल घाबरलं किंवा पळालं की ठोके बिघडून हृदय बंद पडू शकतं. हे पहिल्याच वेळीही होऊ शकतं. रोजच्या सवयीनं मेंदूचं नुकसान होतं ते वेगळंच.

मग कायदा काय म्हणतो? गांजा, अफूसाठीचा १९८५चा एनडीपीएस कायदा टोल्युइनला लागू नाही. २०१२मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली. त्याऐवजी थोडंसंच द्रव असलेलं, धोक्याची सूचना छापलेलं पेन चालेल, असं ठरलं. म्हणजे बंदी बाटलीवर आली, रसायनावर नाही. येणार तरी कशी? त्याशिवाय पंक्चर निघत नाही, चप्पल चिकटत नाही.

२०१९च्या केंद्र सरकारच्या पाहणीत एक विचित्र गोष्ट दिसली. बाकी कुठलीच नशा मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त नाही, हुंगण्याची तेवढी मुलांत जास्त: मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. स्वस्त, हाताशी, आणि कुणी विचारत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत पोरं पेट्रोल हुंगायची. तिथं २००५पासून नशा न चढणारं ‘ओपल’ पेट्रोल आणलं, आणि हुंगणं बरंच घटलं. तिथं मुलांना दम देत बसण्यापेक्षा वस्तूच बदलली.

आपल्याकडे दिवाळीनंतर मोखाड्याची कितीतरी घरं भिवंडी-वसईकडे ‘जगायला’ जातात. पोरंही सोबत असतात. आईबाप कामावर, शाळा गावाकडे सुटलेली, आणि हायवेला पंक्चरची दुकानं. अशा पोराला तिथं शाळा मिळणं, हाच मला बंदीपेक्षा मोठा उपाय वाटतो.

तोवर एवढं लक्षात ठेवा. कुणी हुंगताना दिसला तर ओरडू नका, त्याच्या मागे धावू नका. मोकळ्या हवेत शांत बसवा. बेशुद्ध पडला तर १०८ला फोन करा. मूल अडचणीत असेल तर १०९८.

आम्ही त्या मागच्या बाकावरच्या मित्राला बघून हसायचो. कधीकधी तर मागून ‘सर आले!’ असं ओरडून त्याला दचकवायचोही. तो वाचला, हे केवळ नशीब.