शरीरप्रतिमा मापन

शरीरप्रतिमा मापन म्हणजे व्यक्तीच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी असलेले चित्र, त्याबद्दलचे समाधान वा असमाधान आणि त्यातून उद्भवणारी चिंता यांचे मानसशास्त्रीय साधनांनी केलेले मोजमाप होय. उंची व वजन ही शरीराची मापे आहेत. शरीरप्रतिमा ही त्या शरीराकडे पाहण्याची दृष्टी आहे. त्यामुळे वजन योग्य असलेली व्यक्तीही स्वतःच्या रूपाविषयी तीव्र असमाधानी असू शकते.

इतिहास आणि साधने

मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली. मापनाची साधने मुख्यतः दोन प्रकारची आहेत.

आकृतिमापनी : स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांच्या १९८३ मधील मापनीत अतिकृश ते अतिस्थूल अशा नऊ आकृत्या असतात. व्यक्ती आपल्यासारखी वाटणारी आणि आपल्याला हवीशी वाटणारी अशा दोन आकृत्या निवडते. दोन्हींमधील अंतर हे असमाधानाचे माप मानले जाते.

प्रश्नावली : कूपर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तयार केलेल्या शरीराकृती प्रश्नावलीत ३४ प्रश्न आहेत. त्यांचा रोख मुख्यतः लठ्ठपणाच्या भीतीवर आहे.

चिनी तरुणांसाठीची मापनी

पाश्चात्त्य साधनांत लठ्ठपणाला मध्यवर्ती स्थान असल्याने इतर चिंता निसटतात. चेन हाँग, टॉड जॅक्सन आणि हुआंग शिटिंग यांनी २००६ मध्ये चिनी किशोरवयीन व तरुणांसाठी ४८ विधानांची मापनी प्रसिद्ध केली. तिचे पाच उपविभाग आहेत : एकूण रूप, चेहरा, उंची, लठ्ठपणा आणि कृशपणा. ठेंगणेपणाची वा किडकिडीतपणाची खंतही अशा रीतीने मोजमापात आली.

मराठी संदर्भ

या मापनीत त्वचेच्या वर्णाचा स्वतंत्र उपविभाग नाही. महाराष्ट्रात मात्र ‘गोरी, सडपातळ’ ही विवाहविषयक जाहिरातींतील परिचित अपेक्षा आहे. अंधेरीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरने १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ केले. वर्णाविषयी न विचारणारी प्रश्नावली सावळेपणावरून टोमणे ऐकणाऱ्या विद्यार्थिनीला समाधानी ठरवू शकते.

केवळ शब्दशः भाषांतरही पुरेसे ठरत नाही. मराठीत ‘तब्येत’ हा शब्द आरोग्य आणि अंगकाठी या दोन्ही अर्थांनी येतो. ‘तब्येत सुधारली’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या दृष्टीने कौतुक असते, तर ऐकणाऱ्या तरुणीला ते वजनावरचे भाष्य वाटू शकते. म्हणून विधान भाषांतरित करून दुसऱ्या व्यक्तीकडून ते पुन्हा मूळ भाषेत आणतात आणि अर्थ पडताळतात. त्यानंतर मापनीची विश्वसनीयता व सप्रमाणता स्थानिक गटावर तपासली जाते.

मुंबई उपनगरांतील मापन

मुलुंड, घाटकोपर वा बोरिवली येथील एकाच महाविद्यालयीन वर्गात मराठी, गुजराती व हिंदी भाषक विद्यार्थी असतात. प्रत्येक भाषेतील आवृत्ती तीच गोष्ट मोजते हे सिद्ध झाल्याखेरीज त्यांच्या गुणांची तुलना करणे योग्य नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था उपनगरांतील देवनार येथे आहे. २०१९–२१ च्या सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४.० टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त, तर १८.७ टक्के स्त्रियांचे वजन कमी आढळले. दोन्ही टोके एकाच समाजात असल्याने केवळ लठ्ठपणाची भीती मोजणारे साधन येथे अपुरे पडते. आपल्या शरीराविषयी या स्त्रियांना काय वाटते, हेही वजन-उंचीच्या आकड्यांवरून कळत नाही.

मर्यादा

प्रश्नावलीतील गुण हे रोगनिदान नव्हे. उत्तरे देताना संकोच होऊ शकतो, तसेच चांगले दिसण्याच्या इच्छेने ती बदलली जाऊ शकतात. जास्त गुण मिळालेल्या व्यक्तीची तज्ज्ञाने प्रत्यक्ष मुलाखत घेणे आवश्यक असते. आहारविकृती वा नैराश्य यांची लक्षणे असल्यास हे विशेष महत्त्वाचे ठरते.