पहिल्या धारेची चव

बुलढाण्यात सिंगल माल्ट व्हिस्कीवर बोलायचं म्हटलं की पुढच्या दोन रांगा गालातल्या गालात हसतात. हसू द्या. आज आम्हाला आवडीचा इतिहास सांगायचा आहे, आणि दाखला आधी आमचाच.

आमच्या तरुणपणी इकडे व्हिस्की म्हणून मिळे ती बहुतेक उसाच्या मळीच्या मद्यार्काची. सिंगल माल्ट वेगळी. ती एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या भांड्यात गाळतात; स्कॉच असेल तर ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं मुरवतात. 2001 मध्ये आयातीवरचे संख्येचे निर्बंध उठले, तरी पुढे कित्येक वर्षं शुल्क 150 टक्के. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या बॅगेतूनच बाटली यायची. पहिली आली आयला बेटाची, पीटच्या धुराची. वास थेट दवाखान्यातल्या आयोडिनचा! ती कपाटात वर्षभर पडून राहिली. मग हळूहळू, दोन-दोन थेंब पाणी घालत, धुरामागचं मीठ कळलं, मिठामागचा मध कळला. जीभ तीच होती, शब्द वाढले होते.

डेव्हिड ह्यूम स्कॉटलंडचाच. 1757 च्या अभिरुचीवरच्या निबंधात तो ‘डॉन किहोते’मधली गोष्ट सांगतो. दोघं एकाच पिंपातली वाइन चाखतात. एकाला चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक खिदळतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी सापडते चामड्याची वादी बांधलेली किल्ली. चव सरावानं घडते, हे ह्यूमचं म्हणणं आम्हाला पटतं. पण सराव करायची मुभा कोणाला, हे ह्यूम विचारत नाही. ते इतिहासाला विचारावं लागतं.

आज जिची ऐट मिरवतात ती माल्ट एके काळी डोंगरातली चोरटी दारू होती, बरं का. कर जबर, म्हणून हायलँड्समधले शेतकरी दऱ्याखोऱ्यांत लपून गाळत. 1823 च्या कायद्यानं करही उतरवला आणि परवाना दहा पौंडांवर आणला. 1824 मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथनं तो घेतला. चोरून गाळणारे शेजारी एवढे खवळले, की त्याला कमरेला दोन पिस्तुलं बाळगावी लागली. चोरटा गाळणारा असा कारखानदार झाला.

त्याच साम्राज्यानं इथं उलटी वाट धरली. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला, आणि 1892 मध्ये तर ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच बंदी. आपला वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हता; 1949 चा दारूबंदी कायदा मात्र पुढे आपल्यालाही लागू झाला. त्या कायद्याखाली आमच्या कपाटातल्या बाटलीला परवाना पुरतो. जळगाव जामोद-संग्रामपूरच्या वर, सातपुड्यात, रात्री गळालेली मोहाची फुलं पहाटे वेचणाऱ्या कोरकू, भिल, निहाल माणसाला घरी गाळायचा परवाना नाही. 2021 मध्ये राज्यानं फुलं मोकळी केली. हातभट्टी गुन्हाच राहिली. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बंगळुरूची अमृत 2004 मध्ये ग्लासगोत जाऊन विकली गेली. मोह मागेच.

दारूनं मोडलेले संसार आम्हीही पाहिलेत. गावोगावच्या बायकांनी आडव्या बाटलीला मतं दिली ती उगाच नव्हेत. पण ती हानी काय फक्त मोहाचीच? मग एकाची आवड अभिरुची आणि दुसऱ्याची व्यसन, हा निवाडा जिभेनं केला की कायद्यानं?

माल्ट गाळणारा धारेचं तोंड आणि शेपूट बाजूला काढतो, मधलं तेवढं मुरवायला ठेवतो. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग पोरंटोरंही वापरतात. तो भट्टीवरूनच भाषेत आला. धारेधारेतला फरक जाणणारी म्हातारी माणसं त्या पाड्यांत आहेत. त्यांच्याशी बोलून ते शब्द टिपून आणायला दोन-तीन विद्यार्थी हवेत. मार्च-एप्रिलात, फुलं गळायच्या दिवसांत जायचं आहे. प्रश्नोत्तरं संपली की नावं आमच्याकडे द्या.