बांधावरचे पंच

पायाखालची माती जड आहे. तांबूस, चिकण, पाऊल उचलायला गेलात की बूट धरून ठेवणारी. पावसानंतर काळ्या रानातून चाललेल्या माणसाला तिची ओढ लगेच ओळखू येते. वारा मात्र आपल्याकडचा नाही. साल 1635, गाव लॅक्स्टन, इंग्लंडच्या मधल्या भागातल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये, शेरवूडच्या जंगलाच्या पूर्वेला. तुमच्या पाठीशी सेंट मायकेलचं चर्च आहे, उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचं गवताळ टेकाड आहे, आणि समोर मोकळं शिवार. नजर अडेल असं एकही कुंपण त्यात नाही.

आधी तुम्हाला वाटतं, हे एकाच मालकाचं रान असणार. मग ऊन तिरपं होतं, सरींच्या सावल्या लांबतात आणि रानाचे पट्टे दिसू लागतात. लांबलचक, अरुंद, टोकाशी किंचित वळलेले. नांगराला जुंपलेली बैलांची लांब रांग वळवायला जागा लागते, म्हणून ते वळण. असे पट्टे दोन हजारांहून जास्त, तीन मोठ्या शेतांत पसरलेले: साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड. एका कुटुंबाचे पट्टे सलग नाहीत. एक इथे, एक ओढ्यापलीकडे, तिसरा पाणथळीला. चांगली माती एकाच्या पदरात आणि खडकाळ माती दुसऱ्याच्या, असं होऊ नये म्हणून ही विखुरणी. आपल्याकडे भाऊवाटणीत जसं विहिरीलगतचं आणि माळावरचं रान दोघांतही वाटून घेतात, तीच समज.

‘फर्लांग’ हा शब्द याच मातीतून आला आहे. बैलांनी एका दमात काढलेल्या तासाची लांबी म्हणजे फर्लांग, 220 यार्ड. तिला 22 यार्डांची रुंदी दिली की एकर होतो, ढोबळमानाने एका दिवसाची नांगरट. आपण गावाकडच्या जमिनीबद्दल बोलताना ‘दोन एकर दहा गुंठे’ म्हणतो. त्यातला 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद गुंठा 40 वेळा मोजला की हाच एकर भरतो. माप आपल्याकडे आलं, पण ते ज्या नांगराच्या मागे जन्मलं त्याची गोष्ट बरोबर आली नाही.

पट्ट्यांमधून माणसं मोजत चालली आहेत. मार्क पिअर्स हा मोजणीदार एकेक पट्टा, त्याचा कसणारा आणि त्याचं क्षेत्र लिहून घेतोय. त्याचा नकाशा चर्मपत्रावर उतरेल, आणि कोरडा उतरणार नाही. त्यात नांगर धरलेली माणसं असतील, कापणी करणारी असतील, शिकारीमागे धावणारे कुत्रे असतील. आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

मोजणी करवून घेणारा गावचा नवा मालक म्हणजे सर विल्यम कोर्टीन, लंडनचा बडा व्यापारी. याच वर्षाच्या डिसेंबरात राजा पहिला चार्ल्स त्याच्या मंडळींना पूर्वेच्या व्यापाराचा परवाना देईल. पुढच्या वर्षी जॉन वेडेलच्या हाताखाली त्यांची जहाजं निघतील आणि ऑक्टोबर 1636 मध्ये गोव्याच्या किनाऱ्याशी पोचतील. कोर्टीन तोवर वारलेला असेल. आपल्या भाषेत जमिनीचा नांगर आणि जहाजाचा नांगर एकाच शब्दात मावतात. एका धन्याचे हे दोन नांगर, एक लॅक्स्टनच्या चिकणमातीत आणि दुसरा गोव्याच्या पाण्यात. तुम्ही अजून त्या मातीत उभे आहात, आणि तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला गोवा कुठे आहे हे ठाऊक असायचं कारण नाही. त्याला ठाऊक आहे ते एवढंच की त्याच्या पट्ट्याशेजारी कुणाचा पट्टा आहे.

आणि त्या शेजाऱ्याशी त्याला जुळवून घ्यावंच लागतं. कुंपण नसल्यामुळे एकाने गहू आणि दुसऱ्याने वाटेल ते, असं चालत नाही. एका शेतात सगळ्यांचा हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड. दरवर्षी पाळी फिरते. कापणी झाली की शेत जनावरांना मोकळं होतं, आणि कुणाची किती जनावरं चरतील तेही ठरलेलं असतं. नांगर चालणार नाही अशा ओलसर, उताराच्या गवताळ पट्ट्यांना इथे ‘साइक’ म्हणतात. त्या गवताचा उन्हाळ्यात लिलाव होतो. गोव्यातल्या गावकरी संस्थाही आपली सामायिक जमीन अशीच लिलावाने कसायला देत आल्या आहेत. चुकार जनावर दिसलं तर पिंडर म्हणून गावाने नेमलेला माणूस त्याला कोंडवाड्यात घालतो. दगडी भिंतींचा असो की काटेरी कुडाचा, कोंडवाडा कोंडवाडाच. जनावर सोडवून न्यायला येणाऱ्या माणसाचा चेहराही सगळीकडे सारखाच असतो.

आता वर्षं भराभर सरकू द्या.

तुमच्या डोळ्यांसमोर आसपासची शिवारं बदलत जातात. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने कुंपणाचे 5,200 हून जास्त कायदे केले. त्यांनी सुमारे 68 लाख एकर सामायिक जमीन तुकड्यांत बांधून टाकली. झुडपांच्या रांगा उभ्या राहिल्या, गायरानं बंद झाली. एक गाय आणि चार मेंढ्या यांच्या आधारावर उभं असलेलं घर मजुरीला लागलं. लॅक्स्टनलाही जमिनीचा काही भाग कुंपणात गेला, पण तीन शेतांचा गाभा राहिला. गावात जमीन असलेल्या दोन सरदार घराण्यांचं, मॅनव्हर्स आणि स्कारबरो यांचं, एकमेकांशी जमलं नाही आणि सगळ्या शिवाराला कुंपण घालायचा बेत तडीस गेला नाही, असं सांगतात. मला हे कारण महत्त्वाचं वाटतं. गावाची सामायिक जमीन कुणाच्या उदार मनामुळे वाचली नाही. मोठ्यांच्या भांडणात ती चुकून शिल्लक राहिली, आणि मग लहानांनी ती सांभाळली.

4 डिसेंबर 1894 च्या संध्याकाळी क्षणभर थांबा. इंग्लंडमधल्या गावोगावच्या शाळांच्या खोल्यांत दिवे लागले आहेत. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या कायद्याने 300 किंवा त्याहून जास्त वस्तीच्या ग्रामीण पॅरिशला, म्हणजे गावाला, निवडून दिलेली परिषद मिळाली आहे. सभा संध्याकाळी सहाच्या आधी भरवायची नाही, असं कायद्यातच लिहिलंय, कारण शेतमजूर त्याआधी रानातून परतत नाही. असा कायदा लिहिणाऱ्याने मजुराचा दिवस नीट पाहिलेला असतो. कालपर्यंत चर्चच्या सभेत पाद्री आणि जमीनदार जे ठरवत, ते आज हात वर करून ठरतंय. बायकांनाही मत आहे, लग्न झालेल्यांनाही, आणि त्या उभ्याही राहू शकतात. संसदेत त्यांना जागा मिळायला अजून चोवीस वर्षं आहेत. गावाने ते दार आधी उघडलं. मागच्या बाकावरच्या माणसाच्या वर गेलेल्या हाताकडे बघा. नखांत माती आहे, आणि हात थोडा थरथरतोय.

परिषद आली, तरी लॅक्स्टनची त्याहून जुनी सभा संपली नाही. तिचं नाव कोर्ट लीट. तिचं काम पाहायचं तर नोव्हेंबर अखेरच्या एका गुरुवारी यावं लागतं. साल 1937 धरा.

सकाळी हिवाळी गव्हाच्या शेताकडे बारा माणसं निघाली आहेत. हे पंच. कायद्याच्या भाषेत ज्युरी, पण आपल्या कानाला पंचच बरोबर. सगळे गावातलेच, सगळे कसणारे. त्यांच्यातला एक म्होरक्या आहे. खांद्यावर ताज्या तासलेल्या लाकडी खुंटांची जुडी, हातात जड घण, एकाकडे फावडं. तुम्ही बाजूला सरकता, तसा त्यातला एक म्हातारा मान हलवून म्हणतो, ‘ए अप, डक.’ या मुलखात ओळखीच्याला आणि अनोळखीलाही ‘डक’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘काय राव’मध्ये जेवढी माया असते तेवढी त्यात आहे. तुम्ही त्यांच्या मागोमाग चालू लागता.

पहिला पट्टा. पट्ट्याचं टोक जिथे वाटेला किंवा साइकच्या गवताला भिडतं, तिथे सगळे थांबतात. दर वर्षी नांगर वळताना तो बोटभर पुढे जाऊ शकतो. बोटाची वीत होते, वितीचा हात होतो, आणि चार-पाच पाळ्यांनंतर सगळ्यांची वाट एका पट्ट्याच्या पोटात गेलेली असते. आपल्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. इंग्रजीत याच्या तोडीचा सुटसुटीत शब्द मला माहीत नाही, पण पाप तेच आहे.

म्होरक्या गुडघ्यावर बसतो. नांगरलेल्या ढेकळांत बोटं घालून जुना खुंट चाचपतो. सापडत नाही. मग दोघं जण दोन बाजूंच्या पट्ट्यांच्या जुन्या खुंटांपाशी उभे राहतात, तिसरा त्यांच्यामधून नजर लावतो, डोळा बारीक करून. सरळ रेषा मनात पडते. रेषेवर फावड्याने माती बाजूला होते, आणि तळाशी कुजून काळपट झालेलं लाकडाचं टोक दिसतं. बारा माथी त्याच्यावर वाकतात. कुणी काही बोलत नाही. नांगर त्या टोकाच्या पुढे, गवतात, दीड-दोन पावलं गेलाय. उलटलेल्या गवताची पांढरी मुळं अजून वर दिसताहेत.

पट्टा कुणाचा, हे तुम्ही विचारत नाही. विचारायची गरजही पडत नाही, कारण त्या बारांतला एक जण नव्या खुंटांच्या जुडीतून एक खुंट काढतो आणि घण मागून घेतो. पट्टा त्याचाच आहे. तो काळपट टोकाशेजारी खुंट धरतो, घण घालतो. तीन घाव, मग आणखी दोन. खुंट मातीत बसतो. म्होरक्या वहीत लिहून घेतो. दंड सभेत ठरेल. मग सगळे पुढच्या पट्ट्याकडे चालू लागतात, आणि घण त्याच माणसाच्या खांद्यावर राहतो.

तुम्ही थोडं मागे रेंगाळता. आपल्या मुलखात एका बांधावरून दोन भावांच्या तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. मोजणीचा अर्ज, मोजणीची फी, मोजणीवर हरकत, अपील, आणि तोवर त्या बांधावरचं बोरीचं झाड वठलेलं. माणसं वाईट नसतात. ज्या दिवशी नांगर बोटभर पुढे गेला त्या दिवशी, किंवा निदान त्या वर्षात, बांधावर येऊन उभं राहणारं कुणी नसतं. इथे दरवर्षी कुणी तरी येतं, आणि जे येतात त्यांचे स्वतःचे पट्टेही त्याच रानात असतात. शेजाऱ्याच्या तासावर बोट ठेवायचं तर आधी आपलं तास सरळ ठेवावं लागतं. शिवारफेरी म्हणतात ती ही.

दुपारपर्यंत गाळ साचलेले दोन चर आणि अजून एक सरकलेली हद्द वहीत गेली. पंच आता जेवायला पांगतील. तुम्हाला पुढे जायचंय.

1938 मध्ये ओर्विन दांपत्याचं ‘द ओपन फील्ड्स’ हे लॅक्स्टनवरचं पुस्तक येतं. 1952 मध्ये अर्ल मॅनव्हर्स गाव शेती मंत्रालयाला विकतो, ही पद्धत मोडू नये म्हणून. 1977 चा एक कायदा अशा जुन्या न्यायसभांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतो, पण लॅक्स्टनचा अपवाद ठेवतो. 1981 मध्ये मालकी क्राउन इस्टेटकडे जाते, 2020 मध्ये मॅनव्हर्स घराण्याच्या जुन्या थॉर्सबी इस्टेटकडे. मालक बदलत राहतात. पट्टे एकत्र केल्यामुळे त्यांची संख्या दीडशेच्या आसपास उतरली आहे, मोकळी शेतं पाचशे एकरांच्या आत आली आहेत. तरुण मुलांना एवढ्या जमिनीवर घर चालवणं अवघड जातं, ही तिथली खरी चिंता आहे, आणि ती तुमच्याही गावची आहे.

आता आजचा दिवस. यंदाच्या शिवारफेरीला आठवडा झालाय, पुन्हा गुरुवार. गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये टेबलं सरकवून जागा केली आहे. बाहेर ट्रॅक्टर उभे आहेत, दाराशी बुटांची माती पडली आहे. आत कारभारी बसलाय. त्याला इथे स्ट्युअर्ड म्हणतात. शेजारी बेलिफ, आणि हा शब्द आपल्या तालुक्याच्या कोर्टातूनही तुमच्या कानाला सवयीचा आहे. गावातली नावं पुकारली जातात. हजर असलेला ‘हो’ म्हणतो. गैरहजराच्या नावावर किरकोळ दंड पडतो. मग गेल्या आठवड्याची वही उघडते. कुणी वाट नांगरली, कुणी चर साफ केला नाही, एकेक नाव, एकेक जागा. ज्याचं नाव येतं तो खिशात हात घालतो, पैसे काढतो, टेबलावर ठेवतो. वाद घालायचा तर इथेच घालायचा असतो, सगळ्यांच्या समोर. आज कुणी घालत नाही.

शेवटी पुढच्या वर्षीचे पंच नेमले जातात. गव्हाची पाळी आता दुसऱ्या शेताची. यादीत एक नवं नाव आहे, विशीतल्या मुलाचं. तो पुढे येतो, पवित्र ग्रंथावर हात ठेवतो आणि शपथ म्हणतो. आवाज जरा चिरकतो. मागच्या टेबलावरचा म्हातारा त्याच्या बापाकडे बघतो आणि विचारतो, पोराला घण पेलेल ना. बाप म्हणतो, गेल्या गुरुवारी मागच्या रानात त्याच्याकडून दहा खुंट ठोकून घेतलेत.