वाघनखांची लॉग फाईल

मंडळी, आमच्या हिंजवडीत (तालुका मुळशी बरं का!) कोडची ओळ कोणी, कधी बदलली हे दोन मिनिटांत कळतं. वाघनखांचं तसं नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ती तीन वर्षांसाठी आली, जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. पण माग काढत मागे गेलं की धागा जेम्स ग्रँट डफपाशी तुटतो. हा १८१८ ते १८२२ साताऱ्याचा रेसिडेंट. सोबतच्या पेटीवरचा मजकूर सांगतो, ती त्याला 'पेशव्यांच्या प्रधानाने' दिली. अहो, पेशवा हाच मुळात प्रधान! आणि खानाला तिथे चक्क मोगल सेनापती केलंय. होता आदिलशाहीचा. मधली दीडशे वर्षं कोरीच. हीच ती नखं, असं सिद्ध करता येत नाही, हे खुद्द म्युझियमही मान्य करतं.

जावाच्या राजपुत्र दिपोनेगोरोचा क्रिस नेदरलँड्सने २०२० मध्ये परत केला, तो मात्र जुनी पत्रं आणि त्यावरची चित्रकार रादेन सालेहची टीप ताडून. त्यावरही वाद झालेच म्हणा.

असो. मला नखांपेक्षा त्या पेटीचंच कुतूहल जास्त. तो मजकूर नक्की लिहिला कोणी?